दोहा २०१९: गिळलेली गोळी, थर्मल कॅमेरा आणि अर्ध्यात सोडलेल्या शर्यती

मे महिना, सकाळचे साडेसात. हजार मीटरचे पाच रिपीट (तेच अंतर, मध्ये विश्रांती घेत, पुन्हा पुन्हा जोरात धावणं) संपवून पोरगा नळापाशी आला, ओंजळीनं दोन-तीनदा डोक्यावर पाणी मारलं आणि कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिला. कोच सरांनी नुकताच घेतलेला, फोनला जोडायचा छोटा थर्मल कॅमेरा त्याच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर कपाळ जांभळं, गाल निळे, कानामागची मान तेवढी पिवळी. सर खूश. "बघा, गार आहे अजून. आणखी दोन देऊ या."

मी त्या ग्रुपचं फिजिओचं काम बघते. म्हटलं, "सर, नळाचं पाणी गार आहे, पोरगा नाही."

ते दोन रिपीट रद्द झाले. पण सरांनी नंतर चहा घेताना विचारलं ते रास्तच होतं: मग एवढे पैसे घालून घेतलेल्या या कॅमेऱ्याचं करायचं काय? उत्तर म्हणून मी त्यांना दोहाचं प्रकरण सांगितलं. प्रत्यक्ष स्पर्धेत, जगातल्या अव्वल खेळाडूंवर, एकाच वेळी शरीराच्या आतलं आणि त्वचेवरचं तापमान मोजल्याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. आणि त्याचा निकाल आपल्या अंदाजाच्या उलटा लागला.

कॉर्निशवरची रात्र

२०१९ ची जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा २७ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर या काळात कतारमध्ये, दोहाला झाली. आपल्याकडे ती लक्षात आहे अविनाश साबळेमुळं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा गडी ३००० मीटर स्टीपलचेसच्या पहिल्या फेरीत गर्दीत अडकला, भारतानं अपील केलं, अंतिम फेरीत जागा मिळाली आणि तिथं त्यानं ८:२१.३७ असा राष्ट्रीय विक्रम करून टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळवली. पण साबळे धावला तो खलिफा स्टेडियममध्ये, आणि त्या उघड्या स्टेडियममध्ये चक्क थंड हवा सोडलेली होती. मॅरेथॉन आणि चालण्याच्या शर्यती मात्र समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावर. रस्त्याला एसी लावणार कुठे? म्हणून या शर्यती मध्यरात्रीच्या सुमारास ठेवल्या.

महिलांची मॅरेथॉन २७ सप्टेंबरला रात्री ११:५९ ला सुटली. ऊन नव्हतं, पण तापमान ३२ अंशांच्या वर आणि दमटपणा ७० टक्क्यांच्या पुढे. सात किलोमीटरची फेरी, अशा सहा. ६८ जणी सुटल्या, ४० पोहोचल्या. इथिओपियाच्या तिघींपैकी एकीनंही शर्यत पूर्ण केली नाही. केनियाची रुथ चेपनगेटिच जिंकली ती २ तास ३२ मिनिटं ४३ सेकंदांत. जानेवारीत दुबईला तिनं हेच अंतर २:१७:०८ मध्ये कापलं होतं. म्हणजे जिंकणारी बाई आपल्याच वेळेपेक्षा पंधरा मिनिटांहून जास्त मागं. जागतिक स्पर्धेच्या इतिहासात इतक्या संथ वेळेत महिलांची मॅरेथॉन कुणी जिंकली नव्हती. स्ट्रेचर आणि व्हीलचेअरचे फोटो जगभर फिरले आणि आयोजकांवर टीकेची झोड उठली.

आठवडाभरानं पुरुषांची मॅरेथॉन झाली तेव्हा हवा बरीच निवळली होती. लेलिसा देसिसा २:१०:४० मध्ये जिंकला, आपला गोपी थोनकल २:१५:५७ वेळ देऊन एकविसावा आला. रस्त्यावरच्या सहा शर्यतींमध्ये मिळून ३०५ खेळाडू उतरले. त्यातले साधारण चौथा हिस्सा अर्ध्यात थांबले.

काय मोजलं

दोहातल्याच अ‍ॅस्पेटार या क्रीडा-रुग्णालयातल्या सेबास्टियन रासिने यांच्या गटानं जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या आरोग्य विभागाबरोबर हे काम केलं. ८३ खेळाडूंनी स्पर्धेआधी प्रश्नावली भरून दिली: गेल्या दहा दिवसांत काही दुखलं-खुपलं का, उष्णतेत सराव केला का, किती दिवस. ५६ जणांनी तापमान मोजणारी गोळी गिळली. नेहमीच्या कॅप्सूलएवढी ही गोळी आतड्यातून प्रवास करता करता रेडिओ लहरींवर आकडे पाठवते. ती काही तास आधी गिळावी लागते, नाहीतर पोटातच राहते आणि गार पाण्याचा घोट घेतला की त्या पाण्याचंच तापमान दाखवत बसते. (नळाखालच्या कपाळाची गंमत पोटातसुद्धा होते, एवढंच.) आणि १०७ खेळाडूंच्या त्वचेचं तापमान थर्मल कॅमेऱ्यानं टिपलं: कुणाला थांबवायचं नाही, अंगाला काही चिकटवायचं नाही.

शिवाय शर्यतीदरम्यानच्या ७० वैद्यकीय घटनांच्या नोंदी होत्या आणि अधिकृत निकाल तर होतेच.

आता कुणालाही विचारा, यातून गळणारा खेळाडू आधी कोण दाखवून देईल? सगळे म्हणतील गोळी. आतलं खरं तापमान तिथंच तर आहे. मीही तेच म्हटलं असतं.

गोळ्यांनी दाखवलेला शर्यतीतला कमाल आकडा सरासरी ३९.६ अंश होता. एका खेळाडूचा तर ४१.१. दवाखान्यात कुणाला एवढा ताप असला तर धावाधाव होईल. पण या आकड्याचा शर्यत सोडण्याशी किंवा वैद्यकीय मदत लागण्याशी संबंध लागला नाही. आतून तापलेले पोहोचले, आणि न पोहोचलेले काही त्यांच्याहून जास्त तापलेले होते असंही नाही.

संबंध लागला तो त्वचेशी. शर्यतीत त्वचेचं सरासरी तापमान ३२.२ वरून ३१.० पर्यंत उतरलं. हो, उतरलं. मॅरेथॉन धावताना कातडी गार होत जाते. ती किती आहे, किती वेगानं उतरते आणि आतलं व वरचं तापमान यांच्यात किती फरक राहतो, या तीन गोष्टी शर्यत सोडण्याशी आणि वैद्यकीय घटनांशी जोडलेल्या निघाल्या.

सरांनी इथं मला थांबवलं. "म्हणजे निळं कपाळ चांगलंच की!"

तसं म्हटलं तर हो. पण निळं कशानं झालं, हे कळल्याशिवाय नाही.

माठ नागपुरात आणि माठ मुंबईत

नागपूरच्या मे महिन्यात माठातलं पाणी दातांना कळ येईल इतकं गार होतं. तोच माठ मुंबईत जूनमध्ये ठेवा. बाहेरून ओला होईल, खाली थारोळं साचेल, पाणी मात्र कोमटच. कूलरचंही तेच. माठ गार होतो तो पाझरण्यानं नव्हे, पाझरलेलं वाळण्यानं. धावणाऱ्या माणसाचं अंग म्हणजे हाच माठ, फक्त आत चूल पेटलेली.

चूल केवढी, याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. धावताना दर किलो वजनामागं दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. ५० किलोची बाई ताशी साडेसोळा किलोमीटरनं धावतेय, म्हणजे ताशी ८०० च्या वर. त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग पाय पुढं टाकण्यात नव्हे, उष्णता म्हणूनच निघतो: ६००-६५० किलोकॅलरी. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे तासाला एक लिटरहून जास्त घाम वाळला पाहिजे. गळला पाहिजे असं मी म्हटलेलं नाही. हनुवटीवरून टपकून रस्त्यावर पडलेल्या घामानं अंग गार होत नाही.

दोहाच्या त्या रात्री त्वचा ३१-३२ अंशांची आणि हवाही तेवढीच. हवेला उष्णता देऊन टाकण्याचा मार्ग तिथंच बंद. उरला घाम. ३१ अंशांच्या ओल्या त्वचेपाशी वाफेचा दाब साधारण ४.५ किलोपास्कल असतो, ३२.७ अंश आणि ७३ टक्के दमटपणाच्या हवेत तो ३.६ च्या आसपास असतो. घाम वाळवणारा जोर म्हणजे या दोहोंतला फरक: जेमतेम ०.९. विदर्भातल्या ४२ अंशांच्या, १५ टक्के दमटपणाच्या दुपारी हाच फरक ३ च्या पुढं जातो. विदर्भात दुपारी धावा असं मी सांगत नाहीये, तिथं हवाच अंगाला भाजते. पण फक्त थर्मामीटर बघून "दोहात तर ३२ च होतं, आमच्याकडे ४२ असतं" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

आता त्वचा गार असण्याचं महत्त्व. आतली उष्णता त्वचेपर्यंत आणतं रक्त. आतलं तापमान ३९ आणि त्वचा ३१, तर प्रत्येक लिटर रक्त आठ अंशांचा माल बाहेर टाकून परत जातं. त्वचा ३५ वर गेली की तेच लिटर चार अंशांचाच माल टाकतं. तेवढीच उष्णता काढायला रक्त दुप्पट लागतं. हे रक्त येणार कुठून? पायांच्या स्नायूंकडून, पोटाकडून. घामानं रक्तातलं पाणी आधीच कमी झालेलं. हृदयाचे ठोके वाढतात, वेग तोच ठेवायला जास्त कष्ट पडतात, मळमळतं, डोळ्यांपुढं अंधारी येते आणि माणूस रस्त्याच्या कडेला बसतो. त्याच्या गोळीवर ३९.३ असेल. शेजारून ४० वाला, गार कातडीचा, निघून जाईल. दोहाच्या आकड्यांचा मी लावलेला अर्थ हा असा.

एक मात्र जपून. यावरून आतलं तापमान मोजायची गरज नाही असा निष्कर्ष कुणी काढला तर तो जिवावर बेतेल. माणूस कोसळला, बरळू लागला, तर तिथं गुदाशयातलं तापमानच मोजायचं असतं आणि आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून मग दवाखान्यात न्यायचं असतं. त्या क्षणी कॅमेऱ्याचा काही उपयोग नाही. उष्माघातात कातडी ओली आणि गारही लागू शकते.

कॅमेऱ्याला काय दिसतं

थर्मल कॅमेरा शरीरात डोकावत नाही. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार अवरक्त किरण सोडते. माणसाची त्वचा हे काम फार चोख करते, तिची उत्सर्जकता (किरण सोडण्याची क्षमता, जास्तीत जास्त १) ०.९८ च्या आसपास. कॅमेरा ते किरण मोजून अंशांत आकडा मांडतो. पण किरण येतात अगदी वरच्या थरातून. घामाचा पातळ थर असला तर त्या थराचं तापमान, पाणी ओतलं असेल तर पाण्याचं, बनियन असेल तर बनियनचं. सनस्क्रीन किंवा वेदनाशामक मलम चोपडलं असेल तर तेही मध्ये येतं. चष्म्याची काच तर भलतंच सांगते. काचेतून हे किरण आरपार जातच नाहीत. तिरकं धरलं की आकडा खाली येतो.

रंगांचं तर विचारूच नका. बहुतेक स्वस्त कॅमेरे चौकटीतल्या सगळ्यात गार आणि सगळ्यात गरम गोष्टीत रंग वाटून टाकतात. मागं तापलेली पत्र्याची शेड आली की त्याच पोराचं लाल कपाळ हिरवं होतं. आमच्या नळापाशी मागं सिमेंटची भिंत होती, सावलीतली. कोच सरांनी दोन पावलं डावीकडे सरून परत बघितलं, रंग बदलले, पोरगा तोच.

आणि सगळ्यात मोठी अडचण: बाजारातल्या बहुतेक कॅमेऱ्यांवर अचूकता छापलेली असते अधिक-उणे दोन अंश. दोहात सरासरी फरक होता १.२ अंशांचा. म्हणजे आज या कॅमेऱ्यानं ३२ दाखवलं आणि उद्या दुसऱ्यानं ३१, तर त्यात काही दम नाही. पण हेच कॅमेरे एका चौकटीतला, एका वेळचा ०.१ अंशाचा फरकही ओळखतात. म्हणून एकाच कॅमेऱ्यानं, एकाच अंतरावरून, एकाच माणसाचं आधी आणि नंतरचं बघायचं; आकडा सुटा वाचायचा नाही, उतार वाचायचा. जमलं तर चौकटीत माहीत असलेल्या तापमानाची एखादी वस्तू ठेवायची. क्रीडावैद्यकात थर्मल चित्र कसं घ्यावं याची पंधरा मुद्द्यांची यादी तज्ज्ञांनी २०१७ मध्ये ठरवली आहे. खोलीचं तापमान, कॅमेरा आधी चालू करून ठेवणं, खेळाडूला काही वेळ शांत बसवणं असलं सगळं तीत आहे. मैदानावर त्यातलं निम्मंही जमत नाही हे मान्य. दोहात निदान रात्र होती, ऊन परावर्तित होत नव्हतं.

ज्यांनी तयारी केली होती

प्रश्नावलीतून आलेला भाग मला कॅमेऱ्याइतकाच मोलाचा वाटतो. उत्तर देणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांनी स्पर्धेआधी ५ ते ३० दिवस उष्णतेची सवय केली होती. त्यांचा सरासरी क्रमांक १८ वा, न केलेल्यांचा २८ वा. कमाल आतलं तापमान ३९.४ विरुद्ध ३९.७. आणि त्वचेचं तापमान त्यांचं १.४ अंशांनी उतरलं, इतरांचं ०.९ नं. हा शेवटचा फरक संख्याशास्त्राच्या उंबरठ्यावर अडकलेला आहे, पक्का म्हणता येणार नाही. शर्यत सोडणाऱ्यांचं प्रमाण १९ टक्के विरुद्ध ३० टक्के, ते तर उंबरठ्यापासूनही लांब: दिशा दिसते, खात्री नाही. शिवाय जो देश खेळाडूला महिनाभर आधी उष्ण हवेत पाठवू शकतो, तो बाकीच्या गोष्टींतही हात आखडता घेत नसणार. क्रमांकातला सगळा फरक सवयीच्या नावावर टाकायला मी तयार नाही.

तरी कारण समजण्यासारखं आहे. आठ-दहा दिवस उष्णतेत घाम गाळला की घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं आणि रक्तातलं पाणी वाढतं. म्हणजे माठ चांगला पाझरू लागतो आणि विहिरीतही पाणी जास्त. पुण्याहून जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला जाणाऱ्यांनी हे अंगावर घेतलेलं असतंच. पहाटे १२-१३ अंशांत सराव केलेला असतो. मुंबईत उजाडल्यावर चिकचिक सुरू होते आणि पेडर रोडच्या चढावर गणित फिसकटतं. अंगात जर्किन घालून दुपारी चार वाजता पाऊण तास धावा असं मी नोव्हेंबरपासून सांगत असते. ऐकणारे ऐकतात.

प्रश्नावलीतली दुसरी गोष्ट सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. एक तृतीयांश खेळाडूंना आधीच्या दहा दिवसांत काही ना काही तक्रार होती: झोप न लागणं, पोटदुखी, जुलाब. जुलाब झालेले ९ टक्के. त्यांच्यातल्या ७१ टक्क्यांना शर्यतीत वैद्यकीय मदत लागली. जुलाब न झालेल्यांत १७ टक्क्यांना. आता ८३ चे ९ टक्के म्हणजे मोजून सात-आठ माणसं, त्यामुळं ७१ हा आकडा कोरून ठेवण्यासारखा नाही. पण फरक एवढा मोठा आहे की तो दुर्लक्षून चालणारही नाही. जुलाबात पाणी आणि मीठ जातं, ते रक्तातूनच. मग त्वचेकडे पाठवायला उरतं काय?

दोहाच्या त्या फोटोंचा परिणाम लगेच दिसला. १६ ऑक्टोबर २०१९ ला, म्हणजे स्पर्धा संपून दहा दिवस झाले तोच, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं टोकियोची मॅरेथॉन आणि चालण्याच्या शर्यती ८०० किलोमीटर उत्तरेला सप्पोरोला हलवायचं जाहीर केलं. तिथंही २०२१ च्या ऑगस्टमध्ये महिलांची मॅरेथॉन ऐनवेळी एक तास अलीकडे, सकाळी सहाला घ्यावी लागली. हवा कुणाचं ऐकत नाही.

आमच्या मैदानावर

सरांनी कॅमेरा परत केला नाही. नळापासून वीस पावलांवर, शेडच्या सावलीत, फरशीवर त्यांनी चिकटपट्टीची फुली मारली आहे. दीड मीटरवर दुसरी फुली कॅमेऱ्यासाठी. वॉर्मअपनंतर एक फोटो, तिसऱ्या रिपीटनंतर एक, शेवटी एक. पाणी ओतायचं ते फोटोनंतर. शर्टाच्या बाहेरचा दंड आणि कपाळ, दोनच जागा. वहीत रंग लिहीत नाहीत, आकडे लिहितात, शेजारी हवेचं तापमान आणि दमटपणा. जुलैत पाऊस सुरू झाला आणि सगळ्यांच्या आकड्यांचा उतार एकदम सपाट झाला, तेव्हा त्यांनी आपणहून रिपीट पाचाचे चार केले आणि मधली विश्रांती वाढवली. मला विचारलंसुद्धा नाही.

आणि हल्ली सकाळी पोरं रांगेत आली की कॅमेरा खिशातच असतो. आधी एकेकाला विचारतात, "काल बाहेर काय खाल्लंस? पोट ठीक आहे ना?"